स्वभाव पेन्सिलने लिहावा

विशाखा,

आज सोसायटीच्या हॉलमध्ये तुझ्यासाठी दोन मिनिटं उभं राहायचं होतं. मिनिटभर झालं असेल नसेल, तोच चेअरमनांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला आणि तोंडावर हात धरून "पोडियमलाच लाव गाडी, येतो" असं सांगितलं. त्यांनी फोन खिशात टाकला आणि ते बसले, म्हणून सगळे बसले. मला किळस आली. फोनची म्हणशील तर नाही, फोनचं काय, तो वाजतोच. किळस आली ती या गोष्टीची की सगळ्यांबरोबर मीही बसले.

तू जाऊन आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' एवढे दोनच शब्द मी इतक्यांदा वाचले की तुझं नाव त्यात कुठे आहे ते शोधावं लागायचं. अर्ध्या लोकांनी वरच्याचा मेसेज पुढे ढकललेला. सहाव्या मजल्यावरच्या बाईने तर रडणाऱ्या मांजराचं चित्र टाकलं. तीच ती, जिने गाडीच्या बॉनेटवरच्या पावलांचे फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकले होते. मी फोन उपडा करून ठेवला. वर अकराव्या मजल्यावर जाऊन तुला दाखवायला हवं होतं, तू पोट धरून हसली असतीस.

दोन मिनिटं आटोपल्यावर चेअरमन बोलले. "विशाखाताई म्हणजे मुक्या प्राण्यांची आईच." हे त्यांचं पहिलं वाक्य. मला एकदम तुझी मुकी आठवली, ती तपकिरी ठिपक्यांची मांजर, आणि त्यांच्या ड्रायव्हरच्या हातातलं पोतं आठवलं. पुढच्याच रांगेत तुझी लेक सुजाता बसली होती. तिने मान वर केली नाही. चेअरमन 'भूतदया' म्हणाले, 'संस्कार' म्हणाले, 'आपल्या परिवारातली' म्हणाले, आणि मी हातातल्या शोकठरावाच्या कागदाची घडी घालत राहिले. ठराव मीच लिहिलेला होता. या इमारतीत जे काही लिहायचं असतं ते मीच लिहिते, हे तुला वेगळं सांगायला नको.

मी बत्तीस वर्षं गिरगावच्या कचेरीत कागद लिहिले आणि तू तीस वर्षं परळच्या जनावरांच्या दवाखान्यात केसपेपर लिहिलेस. तुझ्या केसपेपरची गंमत मी पहिल्यांदा पाहिली ती तुला डबा द्यायला आले होते तेव्हा. नाव, जात, वय, रंग, मालक, तक्रार, सगळं निळ्या पेनाने, वळणदार अक्षरात. आणि शेवटचा रकाना, स्वभाव, तेवढा पेन्सिलने. गरीब. चावरा. बुजरा. धीट. माणसाळलेला. एक नवीन डॉक्टर तुझ्यावर वैतागले होते. "अहो बाई, रेकॉर्ड पेनाने लिहायचं असतं, एवढं कळत नाही?"

तू शांतपणे म्हणालीस, "साहेब, हा वरातीचा घोडा. गेल्या साली गरीब होता, लहान पोरं त्याच्या पोटाखालून जायची. मालक बदलला, तबेला बदलला, आता चावतो. मी पेनाने लिहिलं असतं तर तुम्ही जुना कागद वाचून हात पुढे केला असतात."

डॉक्टरांनी हात मागे घेतला. तू खोडरबराने 'गरीब' खोडलंस आणि 'चावरा' लिहिलंस. मी डबा धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, ही बाई पोचलेली आहे.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते मिटलं नाही. मी म्हणायचे, स्वभावाला औषध नाही. तू म्हणायचीस, "औषध नसेल, हवापालट असतो ना." मी म्हणायचे की घोडा आधीच चावरा होता, त्याला संधी मिळाली नव्हती एवढंच. तू म्हणायचीस, "शैले, थोडा स्वभाव अंगातला असतो, थोडा जागेतला. जागा बदलली की कुठला किती ते कळतं." मग मी माणसांवर यायचे. माणसं काही बदलत नाहीत, असं म्हणायचे. तू गप्प बसायचीस, आणि ते गप्प बसणं कशाबद्दल आहे हे मला पक्कं ठाऊक असायचं.

ते लिहूनच टाकते, कारण आपण दोघींनी ते कधी तोंडाने उच्चारलं नाही. चाळीत आमच्या घरी तुझ्यासाठी वेगळा कप होता. कान तुटलेला, मोरीच्या वरच्या फळीवर, इतर भांड्यांना न लागेल असा ठेवलेला. चाळीतला एक बोका तेव्हा आमच्या ताटांना तोंड लावत हिंडायचा आणि माझी आई त्याला हसत "मेल्या, जा" म्हणायची. मांजराचं तोंड चालत होतं आणि तुझं चालत नव्हतं. तू त्या कपातून चहा प्यायचीस, स्वतः विसळून पालथा घालायचीस आणि मला गणित समजावायचीस. मी दहावी तुझ्या जिवावर झाले आणि तो कप मी एकदाही उचलून फेकला नाही. आज हे लिहिताना अंगावर शिसारी येते, पण तेव्हा येत नव्हती, हेच तर ओंगळ आहे.

पुढे चाळ पाडायची ठरली आणि आपण सगळे वडाळ्याच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये गेलो, तेव्हा तो कप दिसेनासा झाला. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तूच तिची पाठ पुसायचीस, तूच तिला भरवायचीस, आणि ती तुझ्या हातचं मुकाट खायची. एकदा तू मला म्हणालीस, "बघ, तुझी आई बदलली की नाही?" मी म्हणाले, "आई नाही बदलली. ट्रान्झिटच्या खोलीत दुसऱ्या कपाला जागा नव्हती." तू त्यावर हसलीस. मला आता वाटतं, तू हसायला नको होतंस.

ठकी आणि मुकी, दोन्ही मांजरं तूच वडाळ्याला नेलीस. भाजीच्या टोपलीत, वर जुनी साडी बांधून. चाळीत ठकी म्हणजे वाघीण. कुणाच्याही घरात शिरायची, कोळीण मावशी अकराला जिन्यापाशी पाटी उतरवायची तर ही पावणेअकरालाच तिथे जाऊन बसलेली. मुकी पाण्याच्या पिंपामागे राहायची, माणूस दिसला की सटकायची. आम्ही सगळ्यांनी पैज लावली की ट्रान्झिटमध्ये ठकी राज्य करणार आणि मुकी चार दिवसांत मरणार. झालं उलटं. ठकी नऊ दिवस तुझ्या कॉटखालून निघाली नाही. निघाली ती थेट अकराच्या सुमाराला बाहेरच्या गटारापाशी जाऊन बसली, जिथे ना कोळीण होती ना जिना. रोज जायची, रोज रिकामी परत यायची. आणि मुकी? तिने पहिल्याच रात्रीपासून एकेक पत्रा, एकेक फट, एकेक पाण्याची तोटी हुंगून ठेवली होती. महिनाभरात कुठल्या घरातल्या बाईला दया येते याची तिच्याकडे यादी तयार.

तू मला ते समजावलंस तेव्हा आपण पत्र्याच्या सावलीत तांदूळ निवडत होतो. "धीट जनावर एकदा वाट पाडतं आणि मग डोळे मिटून त्याच वाटेने जातं. वाट आहे तोवर राजा. बुजरं जनावर दर वेळी बघतं, दर वेळी हुंगतं. त्याची कुणाला किंमत नसते. पण जागा बदलली की तेच तगतं." हे तुला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं तू पेन्सिल झिजवलीस त्यातून ते आलं होतं.

मी विचारलं, "मग मी कोण?"

"तू ठकी," तू लगेच म्हणालीस. "म्हणून तर भीती वाटते."

मी ती थट्टा समजले. कारण माझा केसपेपर तू कधीचाच भरून ठेवला होतास. चाळीत मालकाचा माणूस आपल्या मजल्याचा नळ बंद करायला आला होता आणि मी हातातली भरलेली कळशी त्याच्या अंगावर रिकामी केली होती, त्या दिवशीचा. संध्याकाळी तू दवाखान्यातून कोरा केसपेपर घेऊन आलीस आणि गॅलरीत सगळ्यांसमोर भरलास. नाव, शैला. जात, घरगुती, मालवणी. वय, विचारू नये. रंग, गव्हाळ. तक्रार, तोंड. हे सगळं पेनाने. आणि स्वभाव, पेन्सिलने, धीट. अख्खा मजला हसला. मी तो कागद मागितला तर तू दिला नाहीस. म्हणालीस, दवाखान्याचं रेकॉर्ड पेशंटला देत नसतात.

चाळीच्या जागी टॉवर झाला. आपण वर गेलो. तीच माणसं, तीच, ज्यांच्या घरात मीठ संपलं तर न विचारता डबा उचलायचो. आता एकाच्या दाराला दुसऱ्याचं दार लागून नाही, प्रत्येकाला बाहेरून आणखी एक जाळीचं दार, आणि त्यावर पाटी, बेल वाजवण्यापूर्वी फोन करावा. चाळीत ज्यांना ठकीने ताटातला बांगडा पळवलेला चालायचा त्यांना आता पायपुसण्यावर केस चालेनात. कुणी त्यांना बदलायला सांगितलं नव्हतं. लिफ्टमध्ये आरसा होता, तो त्यांनी रोज पाहिला एवढंच. आणि मला सेक्रेटरी केलं, कारण मला मसुदे येतात. खुर्ची मिळाल्यावर मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

चेअरमनांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, मांजरांचं काहीतरी करावं लागेल. तुम्ही काय ते व्यवस्थित लिहा." बस, एवढंच. त्यांनी एक शब्द दिला नाही. शब्द माझे. "आवारात वावरणाऱ्या मांजरांमुळे वाहनांचे नुकसान होत असल्याच्या तक्रारी प्राप्त झाल्या आहेत. सबब, सदर मांजरांचा योग्य तो बंदोबस्त करण्यात येत आहे." बंदोबस्त हा शब्द मी दहा मिनिटं विचार करून निवडला. पकडणं, पोत्यात घालणं, नेऊन टाकणं, या शब्दांना हातपाय असतात, ते कुणाचे ते विचारता येतं. बंदोबस्ताला हातपाय नसतात. बत्तीस वर्षं मी असेच शब्द शोधण्यात घालवली आणि लोक मला हुशार म्हणत आले.

आणि मी नवव्या मजल्यावरून पाहिलं. खिडकी लावून घेतली असती तरी चाललं असतं, पण पाहिलं. तू दवाखान्यात होतीस. चेअरमनांच्या ड्रायव्हरने पोडियमवर, गाड्या लावतात तिथे, सुका बोंबील धरला होता. वेळ कुठली, तर अकरा. ठकी आपल्या पायांनी चालत गेली, विशाखा. शेपटी वर करून, जिन्यापाशी कोळीण मावशी आल्यासारखी. मुकीने ओळखलं, ती पाइपवर चढली, तिने त्याचे दोन्ही हात ओरबाडले, आणि तिला धरायला आणखी एक माणूस लागला. पोतं गाडीच्या डिकीत गेलं. मी चहा टाकला.

संध्याकाळी तू नोटीस बोर्डापुढे उभी होतीस. मला लिफ्टमधून येताना पाहिलंस आणि विचारलंस, "बंदोबस्त म्हणजे गं काय, शैले?"

मी म्हणाले, "कमिटीचा मसुदा आहे. मी नुसती सही केली."

तू बोर्डाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "बरं," म्हणालीस आणि वर गेलीस. त्या इमारतीत 'सबब' लिहिणारं दुसरं कोण होतं? तुझ्या बदलीच्या अर्जापासून सुजाताच्या शाळेच्या दाखल्यापर्यंत तुझे सगळे अर्ज मी लिहिलेले, प्रत्येकात एक सबब. तू हसायचीस त्याला. तरी मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले आणि तू ते उचलून ठेवलंस, भांडली नाहीस. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तुझ्या चांगुलपणाचाही मला कधी कधी राग येतो, आजही येतोय.

मग उंदीर आले. ते येणारच होते, तू म्हणाली नाहीस एवढंच. आधी कचऱ्याच्या खोलीत, मग डक्टमधल्या पाइपांवरून वर. चाळीतले उंदीर माणसाचं पाऊल वाजलं की पळायचे. हे लिफ्टपाशी बसून राहायचे. विषाच्या वड्या ठेवल्या तर पहिल्या दिवशी दोन मेले, तिसऱ्या दिवसापासून वड्या तशाच आणि बाजूची चप्पल कुरतडलेली. मग चिकट पुठ्ठे आणले. आणि एका दुपारी चेअरमनांच्या बायकोचा तुला फोन, कारण तुझ्याशिवाय असली कामं कोण करणार? मीही गेले, सेक्रेटरी म्हणून. स्वयंपाकघराच्या फरशीवर पुठ्ठा, त्यावर घुशीएवढा उंदीर, पोटापासून चिकटलेला, एक पाय सोडवता सोडवता त्याची कातडी निघालेली. तो ओरडत होता. चेअरमन हॉलमधून सांगत होते, "पिशवीत घालून खाली टाका ना तसंच." जिवंत, तसंच.

तू मागितलंस ते गोडेतेल. बोटांनी एकेक पाय तेलात भिजवत सोडवलास. तो तुला चावला नाही. तू मान वर न करता विचारलंस, "ह्याचा पण बंदोबस्त का, सेक्रेटरीबाई?" त्या घरात चार माणसं होती आणि कुणाला काही कळलं नाही. मला कळलं. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे मला त्या तेलकट फरशीवर कळलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "पेस्ट कंट्रोलला पुन्हा बोलावते."

तू मात्र शोधत होतीस. वॉचमनने तुला सांगितलं होतं की पोतं रे रोडच्या वखारींकडे सोडलं. तू रविवार रविवार जात राहिलीस आणि दीड महिन्याने तुला दोघी सापडल्या. माझ्याच घरी बसून, माझ्याच हातचा चहा पीत तू मला सांगितलंस. मुकी वखारीची मुकादम झाली होती. लाकडाच्या ढिगावर बसते, हमालांच्या डब्यातलं खाते, कुत्र्याच्या नाकावर पंजा मारते. आणि ठकी फळ्यांखाली. ओळखत नाही, हाक मारली तर आणखी आत सरकते. "मी तिच्या रकान्यात बुजरी लिहिलं मनात," तू म्हणालीस. "पेन्सिलनेच. परत बदलेल." मग म्हणालीस, "चल ना एकदा माझ्याबरोबर."

मी म्हणाले, गुडघे दुखतात.

तू तीनदा विचारलंस. तीनही वेळा गुडघे.

परवा सुजाता आली होती. तिच्या हातात जुना पिवळा लिफाफा होता. म्हणाली, "मावशी, आईच्या कपाटात होता. वर तुमचं नाव आहे." आत तो केसपेपर. नाव, जात, वय, रंग, तक्रार, सगळं निळं, जसंच्या तसं. स्वभावाचा रकाना रिकामा. उजेडाकडे धरला तर 'धीट'चा दाब दिसतो, खोडरबराने कागद जरा खरवडलेला. त्या जागी तू दुसरं काहीही लिहिलेलं नाहीस. बुजरी नाही, चावरी नाही, माणसाळलेली नाही. कधी खोडलंस? नोटीस लागली त्या संध्याकाळी, की गुडघ्यांच्या तिसऱ्या खेपेला? आणि दुसरं काही लिहिलं का नाहीस? शब्द सापडला नाही, की माझ्यावर एवढ्यात शिक्का मारायचा नव्हता? हे कुणाला विचारू आता?

काल मी रे रोडला गेले. गुडघ्यांना काही झालं नाही. पिशवीत एक बांगडा. वखारीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथल्या बाईने मला उभी पाहून विचारलं, "बिल्ली के लिए आयी क्या? वो मावशी कुठेयत? दोन संडे झाले, आल्या नाहीत."

मी म्हणाले, "वारल्या."

तिने गॅस बारीक केला. "अरेरे. रोज का नहीं, पण आल्या की मला पण विचारायच्या, तुझी तब्येत कशीय. इकडे कोण विचारतंय." मग तिने हाताने दाखवलं, "ती ठिपक्यांची तिकडेय. दुसरी नाही येणार तुमच्याकडे. ती फक्त मावशीकडे यायला लागली होती, आत्ता आत्ता."

म्हणजे येऊ लागली होती. तू मला हे सांगितलं नव्हतंस, कारण मी विचारलं नव्हतं. मुकी आली, बांगड्याचा अर्धा भाग घेऊन गेली, मला ढुंकूनही पाहिलं नाही. उरलेला तुकडा मी फळ्यांपाशी ठेवला आणि लांब बसले. फटीत दोन डोळे दिसले. मी "ठके" म्हणून हाक मारली. तिने माझा आवाज ओळखला असणार, नऊ वर्षं माझ्या घरात खाल्लं तिने. ती आणखी आत सरकली. शहाणी आहे. मी तासभर बसले, तुकड्याला मुंग्या लागल्या, मग उठले.

घरी येऊन शोकठराव लिहायला घेतला. तुला काय सांगू, हाताने काय केलं ते. "श्रीमती विशाखा यांच्या आकस्मिक निधनाने सोसायटीची अपरिमित हानी झाली आहे. सबब," आणि पेन थांबलं. तोच शब्द, तीच शाई, त्याच पॅडवर. मी कागद फाडला. स्वतःच्या अक्षराची एवढी किळस मला आयुष्यात आली नव्हती. मग दुसरा लिहिला. तोच आज माझ्या हातात होता आणि त्याचीच मी घडी घालत होते.

चेअरमन म्हणाले, "आता सेक्रेटरी मॅडम शोकठराव वाचतील."

मी उभी राहिले आणि वाचलं. वाचलं ते असं. "विशाखाची दोन मांजरं पोत्यात घालून रे रोडला सोडण्यात आली. ती नोटीस मी लिहिली. मसुदा कमिटीचा नव्हता, माझा होता. बंदोबस्त या शब्दाचा अर्थ मला माहीत होता. विशाखाने विचारलं तेव्हा मी तिच्याशी खोटं बोलले. ही सभा तिला श्रद्धांजली वाहायला लायक नाही, आणि मी तर नाहीच."

कुणी खोकलं. मागून कुणीतरी हळू आवाजात विचारलं की चहा आणायला सांगू का. सहाव्या मजल्यावरची बाई फोनमध्ये पाहू लागली. चेअरमन हसले, ते हसणं तुला माहीत आहे, आणि म्हणाले, "मॅडम भावनेच्या भरात आहेत. पण हा विषय अजेंड्यावर नाही. इतिवृत्तात घेऊ नका."

इतिवृत्त मीच लिहिते. मघाशी लिहिलं. सगळं घेतलं, त्यांचा फोन वाजला तो सुद्धा. पेनाने. उद्या ते मला सेक्रेटरीपदावरून काढतील आणि नवीन सेक्रेटरी पान फाडेल, तेवढी अक्कल मला आहे. तू म्हणशील, शैले, कळशी ओतायला तुला बारा दिवस उशीर झाला. झाला. ज्या कानांवर ते पडायला हवं होतं ते दोन कान सोडून बाकी सगळ्या कानांवर पडलं.

जिन्यापाशी सुजाता थांबली होती. म्हणाली, "मावशी, आईला माहीत होतं."

"मला माहीत होतं की तिला माहीत आहे," मी म्हणाले. ती म्हणाली, "रविवारी वखारीत जाणार असाल तर मला हाक मारा," आणि वर गेली.

तू भरलेला तो केसपेपर माझ्यासमोर टेबलावर आहे. पेन्सिलही काढली होती, टोक करून. मग ठेवून दिली. आपल्या रकान्यात आपण लिहायचं नसतं, जनावराकडे बघून दुसऱ्याने लिहायचं असतं, आणि माझ्याकडे बघणारी तू होतीस.